दिवाणी दाव्यातली जबानी वाचताना

इंग्रजी अमदानीतल्या दिवाणी दाव्यांवर काम सुरू करणारे बहुतेक जण जबानीपाशी फसतात. वादपत्र वकिलाचं, निकालपत्र न्यायाधीशाचं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मग साक्षीदाराची सलग, ‘मी’ने भरलेली जबानी हाती येते आणि वाटतं, इथे तरी माणूस स्वतः बोलतोय.

नाही बोलत. 1882 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 182 वाचा. मोफसिलच्या, म्हणजे मुंबईसारख्या शहराबाहेरच्या, अपीलपात्र दाव्यांत साक्ष प्रश्नोत्तरांत न लिहिता सहसा कथनाच्या रूपात लिहावी, असा नियमच होता. 1908 च्या संहितेत तो ऑर्डर 18 मध्ये आला. म्हणजे प्रश्न गळाले, उत्तरं सांधली गेली आणि त्याची ‘गोष्ट’ झाली.

गळालेले प्रश्न परत शोधावे लागतात. ‘बैल कोणाचे ते मला माहीत नाही’ असं कोणी आपणहून सांगत नाही. तिथे वकिलाने विचारलेलं असतं. विषय एकदम उडी मारतो, तिथेही तसंच. कोर्टाने काढलेले मुद्दे, म्हणजे ज्यांवर निर्णय द्यायचा ते वादाचे प्रश्न, शेजारी ठेवा आणि प्रत्येक वाक्य कोणत्या मुद्द्यासाठी काढून घेतलंय ते समासात लिहा. उलटतपासणीला वेगळी शाई वापरा. काम कंटाळवाणं आहे, पण याला दुसरी वाट नाही. हे न करता थेट सिद्धांत लावायला सांगणाऱ्या मार्गदर्शकाचं या बाबतीत ऐकू नका.

वाचनाचा क्रम असा ठेवा: मुद्दे, वादपत्र, कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर), जबान्या, निकाल. छापील रिपोर्टातलं, म्हणजे निकालांच्या छापील संग्रहातलं, शीर्षटिपण (निकालाच्या वर दिलेलं सार) अगदी शेवटी. ते संपादकाने वकिलांच्या सोयीसाठी लिहिलेलं असतं.

छापील रिपोर्टावर भिस्त ठेवली तर काय होतं ते रखमाबाईंच्या खटल्यात दिसतं. दादाजी भिकाजींनी 1884 मध्ये मुंबई हायकोर्टात दावा लावला तो बायको रखमाबाईंना नांदायला पाठवावं म्हणून. इंडियन लॉ रिपोर्ट्सच्या मुंबई मालिकेत 9 व्या खंडात न्या. पिन्हींचा 1885 चा निकाल आहे, 10 व्या खंडात तो फिरवणारा 1886 चा अपिलाचा. दोन्हींत मुख्य वाद एवढाच, की असा दावा चालतो का. पुढे मार्च 1887 मध्ये न्या. फॅरन यांनी नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद, असा हुकूम दिला आणि 1888 मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. हे त्या दोन खंडांत नाही. ‘ए हिंदू लेडी’ या नावाने टाइम्स ऑफ इंडियात आलेली रखमाबाईंची 1885 ची पत्रंही वेगळीच वाचावी लागतात. ती कोर्टातली साक्ष नव्हे. दोन्ही एकत्र कालवू नका.

मोडीला घाबरू नका. कोर्टाची ठरावीक वाक्यं इतकी परत परत येतात की हात लवकर ओळखीचा होतो. मात्र निशाणी क्रमांक (कोर्टाने कागदाला दिलेला नंबर), मूळ दाव्याचा क्रमांक आणि साल पहिल्याच दिवशी उतरवून घ्या. अपिलात क्रमांक बदलतो, आणि नुसत्या अपील क्रमांकावर खालच्या कोर्टाची फाईल शोधणं फार जड जातं.