जेक्वेरीतील फॉर्मचा इव्हेंट चालत नसेल, तर शोध कोठून सुरू करावा

जेक्वेरी ही जावास्क्रिप्टची लायब्ररी नव्याने शिकणाऱ्याला फॉर्मच्या बाबतीत सर्वांत अधिक गोंधळात टाकते ती तिची शांतता. कोड लिहिलेला असतो, बटण दाबले जाते, पान क्षणभर लुकलुकते आणि फॉर्म रिकामा होऊन समोर येतो; कन्सोलमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या चुका दाखवणाऱ्या खिडकीत, मात्र लाल अक्षरांतली एकही ओळ दिसत नाही. जॉन रेसिग यांनी २००६ मध्ये ही लायब्ररी प्रसिद्ध केली, तेव्हापासून तिचा एक स्वभाव कायम आहे: दिलेल्या सिलेक्टरला, म्हणजे घटक शोधण्याच्या खुणेला, पानावर एकही घटक सापडला नाही, तर ती तक्रार करत नाही, रिकामा संच परत देते, आणि त्या रिकाम्या संचावर लावलेला हँडलर (क्लिक, सबमिट यांसारखा इव्हेंट घडल्यावर धावणारे फंक्शन) कोणालाच लागत नाही. अनुभवी माणसाला ही सोय वाटते, पण नवख्याला तिच्यामुळे चूक नेमकी कोठे आहे हे कळत नाही. म्हणून अंदाजाने कोड बदलत बसण्यापेक्षा इव्हेंट ज्या वाटेने जातो, त्याच वाटेने एकेक टप्पा तपासत जावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

उदाहरणासाठी वाचनालयाच्या सभासद नोंदणीचा साधा फॉर्म डोळ्यांसमोर ठेवू. त्यात नाव, मोबाइल क्रमांक, जिल्हा, जिल्ह्यानुसार बदलणारी तालुक्यांची यादी आणि शेवटी ‘नोंदणी करा’ हे बटण आहे.

पहिला प्रश्न लायब्ररी खरोखर लोड झाली आहे का, हा आहे. येथे एक फसवी जागा आहे. क्रोम आणि फायरफॉक्स यांच्या कन्सोलमध्ये जेक्वेरीचे छोटे नाव असलेले डॉलर चिन्ह स्वतंत्रपणेही चालते. जेक्वेरी नसली तरी ते घटक शोधून देणारा ब्राउझरचा स्वतःचा शॉर्टकट म्हणून काम करते. त्यामुळे कन्सोलमध्ये डॉलर चालला, याचा अर्थ जेक्वेरी आली आहे असा होत नाही. त्याऐवजी ‘जेक्वेरी’ हे पूर्ण नाव, त्यातले क्यू अक्षर कॅपिटल ठेवून, टाइप करावे. ते अपरिभाषित असल्याची चूक आली, तर लायब्ररीचा पत्ता चुकला आहे किंवा तुमची स्क्रिप्ट तिच्या आधी धावत आहे. वर्डप्रेसच्या पानांवर हे पूर्ण नाव चालते, पण तुमच्या स्क्रिप्टमधला डॉलर चालत नाही, कारण तेथे लायब्ररी ‘नो-कॉन्फ्लिक्ट’ पद्धतीने, म्हणजे डॉलर हे नाव मोकळे सोडून, लोड होते. तेथे पूर्ण नावच वापरावे. आवृत्तीही पाहून ठेवावी: जुन्या लेखांत दिसणारी, हँडलर लावण्याची ‘लाइव्ह’ ही पद्धत १.९ या आवृत्तीत काढून टाकलेली आहे, आणि तिचे काम १.७ पासून आलेली ‘ऑन’ ही पद्धत करते.

त्यानंतर फॉर्म सापडतो का ते पाहावे. ज्या ओळीत हँडलर लावला आहे, तिच्या नेमक्या वरच्या ओळीत त्याच सिलेक्टरची ‘लेंथ’ (सापडलेल्या घटकांची संख्या) कन्सोलवर छापावी. शून्य आले, तर आयडीच्या स्पेलिंगमध्ये चूक असते, आयडीपूर्वीचे हॅश चिन्ह राहिलेले असते, किंवा स्क्रिप्ट पानाच्या वरच्या भागात असल्याने ती धावते तेव्हा फॉर्म तयारच झालेला नसतो. शेवटच्या स्थितीत सर्व कोड पान तयार झाल्यावर धावणाऱ्या ‘रेडी’च्या फंक्शनमध्ये घालावा किंवा स्क्रिप्ट पानाच्या तळाशी न्यावी. हीच तपासणी नंतर कन्सोलमध्ये हाताने केली तर उत्तर एक येते, कारण तोवर फॉर्म आलेला असतो. म्हणून ती कोडच्या आतच करणे आवश्यक आहे. उलट, पानावर एकच आयडी दोन फॉर्मना दिलेला असेल, तर लेंथ एकच येते आणि हँडलर फक्त पहिल्या फॉर्मला लागतो.

घटक सापडूनही काही घडत नसेल, तर हँडलर योग्य घटकावर आहे का, याचा विचार करावा. सबमिट हा इव्हेंट फॉर्मवर घडतो आणि तेथून वर, पानाच्या मुळाकडे जातो. तो खाली बटणाकडे कधीच येत नाही. त्यामुळे ‘नोंदणी करा’ बटणावर लावलेला सबमिटचा हँडलर जन्मभर वाट पाहत राहतो. यावर उपाय म्हणून अनेक जण बटणाला क्लिकचा हँडलर लावतात, आणि वरवर सर्व सुरळीत झाल्यासारखे वाटते. परंतु क्लिक हा ब्राउझरच्या तपासणीच्या आधी घडतो, म्हणून नाव किंवा मोबाइल क्रमांक रिकामा असतानाही तो कोड धावतो आणि अर्धवट नोंद सर्व्हरकडे जाऊ शकते. फॉर्मचे काम फॉर्मच्या सबमिटवरच लावावे.

याच तपासणीची दुसरी बाजूही आहे. अनिवार्य रकाना रिकामा असेल, तर ब्राउझर सबमिट इव्हेंट घडूच देत नाही. सहसा तो रकान्याजवळ सूचना दाखवतो. पण अनिवार्य रकाना लपवलेला असेल, उदाहरणार्थ जिल्हा निवडेपर्यंत तालुक्याची यादी दडवून ठेवली असेल, तर सूचना दाखवायला जागाच नसते आणि बटण मेल्यासारखे वाटते. क्रोम अशा वेळी तो रकाना फोकस करता येत नसल्याचे कन्सोलमध्ये कळवतो. रकाना लपवताना त्याची अनिवार्यता काढावी आणि दाखवताना परत लावावी.

आता सर्वाधिक वेळा भेटणारी अडचण: बटण दाबताच पान पुन्हा लोड होते. ब्राउझरची मूळ क्रिया थांबवणारे ‘प्रिव्हेंट-डिफॉल्ट’ लिहिलेलेच नाही, हे कारण लगेच सापडते. अवघड प्रकार असा, की हँडलरच्या तिसऱ्या ओळीत चूक होते, फंक्शन तेथेच थांबते, शेवटी लिहिलेले ‘रिटर्न फॉल्स’ कधी धावतच नाही, ब्राउझर फॉर्म पाठवून देतो आणि नव्या पानासोबत कन्सोलही पुसला जातो. चूक दिसली होती, पण डोळ्याचे पाते लवण्याइतकाच वेळ. यासाठी क्रोमच्या कन्सोलमधील ‘प्रिझर्व्ह लॉग’ किंवा फायरफॉक्समधील ‘पर्सिस्ट लॉग्ज’ हा पर्याय शोधाच्या सुरुवातीलाच चालू करावा, आणि प्रिव्हेंट-डिफॉल्ट ही हँडलरची पहिली ओळ ठेवावी. ती एजॅक्सचे, म्हणजे पान न बदलता सर्व्हरला केलेल्या विनंतीचे, उत्तर आल्यानंतर धावणाऱ्या फंक्शनमध्ये ठेवून उपयोग नाही. तोवर ब्राउझरने आपला निर्णय घेतलेला असतो. रिटर्न फॉल्सवर विसंबू नये, असे सांगण्याला आणखी एक कारण आहे: जेक्वेरीच्या हँडलरमध्ये ते मूळ क्रियेबरोबरच इव्हेंटचा वर जाणारा प्रवासही थांबवते, तर शुद्ध जावास्क्रिप्टच्या ‘ॲड-इव्हेंट-लिसनर’मध्ये त्याचा काहीच परिणाम होत नाही.

मजकुराच्या रकान्यांबाबत ‘चेंज’ आणि ‘इनपुट’ यांतला भेद समजून घ्यावा. चेंज हा रकान्यात बदल करून बाहेर पडल्यावर घडतो, इनपुट प्रत्येक बदलाला घडतो. यादी आणि चेकबॉक्स यांत मात्र निवड होताच चेंज घडतो. काही जण नाव टाइप होत असताना ते तपासण्यासाठी ‘की-डाउन’ वापरतात. मराठी वाचकांसाठी लिहिणाऱ्याने हा मार्ग मुळीच धरू नये. लिप्यंतराने देवनागरी टाइप होत असताना, तसेच अँड्रॉइडच्या अनेक कीबोर्डवर, की-डाउनमध्ये खऱ्या अक्षराऐवजी २२९ हा एकच क्रमांक मिळतो, आणि सुचवलेला शब्द बोटाने निवडला तर दाबलेल्या कळा आणि उमटलेला मजकूर यांचा मेळच राहत नाही. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव कसेही टाइप झाले, तरी रकान्यातला मजकूर बदलल्याची खबर इनपुट देतो.

जिल्ह्याच्या यादीत एक वेगळा खड्डा आहे. वापरकर्त्याने स्वतः सातारा निवडला, की चेंज घडतो आणि कराड, वाई, फलटण असे तालुके येतात. पण जुनी नोंद दुरुस्तीसाठी उघडताना तुम्ही कोडमधून ‘व्हॅल’ वापरून सातारा ठेवलात, तर कोणताही इव्हेंट घडत नाही आणि तालुक्यांची यादी रिकामी राहते. मूल्य ठेवल्यावर लगेच ‘ट्रिगर’ने चेंज घडवून आणावा.

फॉर्ममध्ये ‘कुटुंबातील आणखी एक सदस्य जोडा’ अशी सोय असेल, तर नंतर आलेल्या रकान्यांना आधी लावलेले हँडलर लागू होत नाहीत. हँडलर फॉर्मवर लावून ‘ऑन’च्या दुसऱ्या जागी रकान्याचा सिलेक्टर द्यावा; वर येणारा इव्हेंट फॉर्म स्वतः ओळखतो, म्हणून रकाना कधी जन्मला याला महत्त्व उरत नाही. ‘जोडा’ या बटणाचा प्रकार मात्र ‘बटण’ असा स्पष्ट लिहावा. फॉर्मच्या आतील ज्या बटणाला प्रकार दिलेला नाही, त्याला ब्राउझर सबमिट बटणच मानतो.

एकच नोंद दोनदा किंवा तीनदा जात असेल, तर हँडलर तितक्या वेळा लागलेला आहे. बहुधा सबमिटचा हँडलर क्लिकच्या हँडलरच्या आत लिहिलेला असतो, आणि प्रत्येक क्लिकला आणखी एक भर पडते. तो बाहेर काढावा. क्रोममध्ये फॉर्म निवडून ‘इव्हेंट लिसनर्स’ या भागात तो पाहता येतो, आणि फायरफॉक्स तर घटकाशेजारीच ‘इव्हेंट’ अशी खूण दाखवतो. त्या यादीत अनेकदा तुमच्या फंक्शनऐवजी जेक्वेरीचे अंतर्गत फंक्शन दिसते. त्याने बिचकू नये, कारण लायब्ररी एका घटकाच्या एका इव्हेंटसाठी स्वतःचा एकच लिसनर लावते आणि तुमचे हँडलर आतून बोलावते.

सर्व इव्हेंट नीट चालूनही माहिती अपुरी जात असेल, तर फॉर्ममधील माहिती गोळा करणाऱ्या ‘सिरियलाइझ’कडे पाहावे. ज्या रकान्याला ‘नेम’ नाही, जो बंद केलेला आहे किंवा जो चेकबॉक्स निवडलेला नाही, तो यात येत नाही. फाइलही येत नाही, तिच्यासाठी ‘फॉर्मडेटा’ लागतो. नेम देताना बटणाला ‘सबमिट’ हेच नाव कधी देऊ नये, कारण मग फॉर्मची सबमिट ही मूळ पद्धत त्या बटणाच्या आड झाकली जाते आणि कोडमधून फॉर्म पाठवू गेल्यास ‘सबमिट हे फंक्शन नाही’ अशी चूक येते. नाव बदलून ‘नोंदणी-बटण’ अशा अर्थाचे काही ठेवले, की फॉर्म पुन्हा पाठवता येतो.