फ्रिजचा आइस मेकर बदलायचाय? आधी गच्चीवरची टाकी बघा

सोलापुरात एप्रिलमध्ये पारा चाळिशीच्या वर गेला की फ्रिजमधल्या बर्फाला खरी किंमत येते, आणि आइस मेकरही नेमका तेव्हाच रुसतो. दोन वर्षांपूर्वी आमचा असाच रुसला. दुरुस्तीवाल्याने फ्रीझर उघडला, दोन मिनिटं आत डोकावला आणि म्हणाला, "काका, आइस मेकर गेला. नवीन टाकावा लागेल." टाकला. पंधरा दिवसांत नव्यानेही तेच सुरू केलं. खडे दिसायला बत्ताशासारखे, दाताखाली धरला की आतून पोकळ. पैसे गेल्यावर कळलं, दुखणं आइस मेकरचं नव्हतंच. पाण्याला जोर नव्हता.

हा लेख पाण्याची नळी जोडलेल्या, आपोआप बर्फ पाडणाऱ्या फ्रिजबद्दल आहे. खटका पिळून खडे पाडायचा ट्रे असेल तर चीर गेलेला ट्रे काढा, त्याच मापाचा आणून सरकवा, काम संपलं.

आइस मेकरचं काम असं चालतं. फ्रिजच्या मागे तळाला एक वॉल्व्ह असतो, वॉशिंग मशीनला असतो तसाच. तो काही सेकंद उघडतो आणि साच्यात पाणी भरतं. पाणी गोठलं की सेन्सरला कळतं. मग साच्याखालचा हीटर खडे जरासे सोडवतो, मोटर दाते फिरवते आणि खडे खालच्या डब्यात पडतात. काही मॉडेलमध्ये हीटर नसतो, ट्रेच पिळला जातो. डबा भरला की बाजूची दांडी वर उचललेली राहते आणि काम थांबतं. म्हणून पहिली तपासणी फुकटची: ती दांडी कोणाच्या हाताने किंवा मटारच्या पिशवीने वर अडकलेली नाही ना? हसू नका, असं होतं. फ्रीझर उणे १८ अंशांवर आहे का, तेही बघून घ्या.

आता पाणी. बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकेत अशा फ्रिजला किमान २० पीएसआय, म्हणजे साधारण १.४ बार दाब लागतो असं लिहिलेलं असतं. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब जेमतेम एक बार भरतो. आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे सगळं घर गच्चीवरच्या टाकीवर. बैठं घर असेल तर टाकीतलं पाणी फ्रिजच्या वॉल्व्हपासून चार-पाच मीटर उंच, म्हणजे दाब अर्धा बारसुद्धा नाही. १.४ बारसाठी टाकी चौदा मीटर वर हवी, म्हणजे चार-पाच मजल्यांवर! दाब कमी पडला की साचा अर्धा भरतो. शिवाय असे वॉल्व्ह नीट बंद व्हायलाही पाण्याचा जोर लागतो. तो नसला की वॉल्व्ह ठिबकत राहतो, ते थेंब फ्रीझरमधल्या नळीच्या तोंडाशी गोठतात आणि पाण्याची वाटच बंद होते. आरओच्या पाण्यावर फ्रिज जोडला असेल तर दाब आणखी पडतो. यावर उपाय म्हणजे टाकी आणि फ्रिज यांच्यामध्ये, आपोआप चालू-बंद होणारा छोटा बूस्टर पंप. आमच्याकडे शेवटी तोच बसला.

बोअरचं पाणी वापरत असाल तर वॉल्व्हच्या तोंडाशी असलेली शर्टाच्या बटणाएवढी जाळीही बघा. तिच्यावर क्षारांचा पांढरा थर बसतो. फ्रिजचा प्लग काढून, पाणी बंद करून नळीचा नट सोडवा आणि निघत असेल तर जाळी लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये भिजवा. सुईने टोकरू नका, भोक मोठं झालं की कचरा आत जातो. आतल्या पाण्याच्या फिल्टरला सहा महिने उलटून गेले असतील तर तोही बदला.

इतकं करूनही पाणी येतंय, गोठतंय, पण खडे पडत नाहीत, दाते मध्येच अडकतात किंवा मोटर नुसती घरघरते, तर मात्र आइस मेकरच गेला म्हणायचा. फ्रिजच्या आत, बाजूच्या भिंतीवर मॉडेल नंबरचं स्टिकर असतं. त्याचा फोटो काढून दुकानात दाखवा. "असाच दिसतो" म्हणून घेऊ नका, कनेक्टरच्या पिना मोजून घ्या. वॉरंटी चालू असेल तर हात लावू नका, कंपनीलाच बोलवा.

वॉरंटी संपली असेल आणि आइस मेकर स्वतःच बदलणार असाल, तर आधी प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. पाण्याचा कॉक बंद करा, फ्रीझरमधला आमरस थर्माकोलच्या डब्यात हलवा, बर्फाचा डबा बाहेर काढा. आता जुना आइस मेकर जसा बसलाय तसा दोन-तीन बाजूंनी फोटो काढून ठेवा, वायर कुठून गेली आहे हे नंतर आठवत नाही. नळीच्या तोंडाशी बर्फ असेल तर कोमट पाण्यात पिळलेलं फडकं धरा. सुरी किंवा स्क्रू ड्रायव्हर खुपसू नका. मागे गॅसची नळी असू शकते, आणि आजकालच्या बऱ्याच फ्रिजमधला आर-६००ए गॅस पेट घेणारा असतो.

बऱ्याच आइस मेकरना खाली एक स्क्रू आणि वर दोन असतात. खालचा पूर्ण काढा, वरचे फक्त ढिले करा, एका हाताने आइस मेकर धरून वर उचला, सुटतो. साच्यात पाणी असतं, खाली फडकं ठेवा. वायरला हिसका देऊ नका. कनेक्टरच्या बाजूला प्लास्टिकची छोटी जीभ असते, ती अंगठ्याने दाबून धरली की तो सरळ निघतो.

जुन्याची बसवायची पट्टी आणि दांडी नव्याला लागत असेल तर ती आधी बदलून घ्या. मग कनेक्टर "टक्" आवाज येईपर्यंत दाबा, आइस मेकर वरच्या स्क्रूंवर टांगा, नळीचं तोंड पाणी घेणाऱ्या वाटीच्या बरोबर वर आलंय ना बघा. खालचा स्क्रू बसवायच्या आधी साचा पातळीत आहे का हे तपासा. मोबाइलमधलं लेव्हलचं ॲप पुरतं. साचा कलला तर पाणी एका बाजूने सांडतं आणि खालच्या डब्यातल्या खड्यांचा एकच गठ्ठा होतो. स्क्रू प्लास्टिकमध्ये जातात, बेताने आवळा.

कॉक उघडा, मागच्या जोडावरून कोरडं बोट फिरवून गळती बघा, मग प्लग लावा. फ्रीझर पुन्हा थंड व्हायला वेळ लागतो, एक दिवस थांबा आणि दर तासाला दार उघडून बघू नका. पहिल्या दोन-तीन खेपांच्या बर्फाला प्लास्टिकचा वास येतो. तो सरबतात घालू नका, कूलरच्या टाकीत ओता.