रानातले सूत्रकृमी गोळा करताय? या चुका टाळा

सी. एलेगन्स (प्रयोगशाळांत खूप वापरला जाणारा बारीक सूत्रकृमी) म्हणजे 'मातीतला कृमी' असं बहुतेक ठिकाणी छापलेलं असतं आणि नवशिके तिथेच फसतात. पिशवीभर माती आणायची, फनेलमध्ये पाण्यात भिजत ठेवायची. डिशमध्ये कृमी वळवळतात ढीगभर, पण एलेगन्स एकही नाही. मातीत तो सापडलाच तर बहुधा डाऊअर, म्हणजे तग धरून राहणाऱ्या अळीच्या अवस्थेत: तोंड बंद, खाणं बंद. खाणं, वाढणं, अंडी घालणं हे सगळं जिवाणूंनी बुजबुजलेल्या कुजक्या फळांत आणि मांसल देठांत चालतं. बोट लावताच दबणारं, तपकिरी पडलेलं फळ उचला. नुकतं गळलेलं नको. जवळच्या गोगलगायी नि लाकूडकिडेही बघा, डाऊअर अळ्या त्यांच्यावरून प्रवास करतात.

यापेक्षा मोठा घोळ पुढे होतो. नमुना प्लेटवर टाकून लोक दोन दिवसांनी येतात, अंड्यांनी भरलेले प्रौढ दिसले की लिहितात, 'इथे प्रजनन चालू आहे'. अहो, ते प्रजनन तुमच्या प्लेटवरचं! ई. कोलाय जिवाणूंचं खाद्य मिळताच डाऊअर अळी काही तासांत खायला लागते आणि दुसऱ्या दिवशी चौथ्या, म्हणजे प्रौढ होण्याआधीच्या शेवटच्या टप्प्यात पोचलेली असते. ९ सेंमीच्या प्लेटवर मधोमध ओपी५०चा (ई. कोलायचाच एक वाण) थर ठेवा, फळाचे तुकडे थराबाहेर कडेने मांडा, वर थोडं पाणी शिंपडा आणि पहिल्या काही तासांतच अवस्थानिहाय मोजणी करा. १% एसडीएसने (एक डिटर्जंट) धुऊन मग 'इथे फक्त डाऊअर आहेत' म्हणणारेही भेटतात. त्यात दुसरं काही जगतच नाही.

एका कृमीला पिल्लं झाली म्हणजे तो एलेगन्स, हेही खोटं. आधीच नराशी जुळलेली मादीसुद्धा एकटी अंडी घालते. चौथ्या टप्प्यातली अळी एकटी वाढवा. तिला पिल्लं झाली तर ती एलेगन्ससारखी उभयलिंगी. तरीही ब्रिग्सी, ट्रॉपिकॅलिस आणि ओशियस टिप्युली हे दुसरे उभयलिंगी सूत्रकृमी उरतातच. आयटीएस२चं (जाती ओळखायला वापरतात तो डीएनएचा तुकडा) सीक्वेन्सिंग करा, नाहीतर ओळखीच्या वाणाच्या नरांशी संकर.

नमुन्याची बंद पिशवी उन्हात ठेवू नका.

आल्याआल्या कृमी स्वच्छ करायला ब्लीच करण्याची घाई तर मुळीच नको. या कृमींना होणारा ओर्से विषाणू आणि आतड्यातले मायक्रोस्पोरिडिया हे परजीवी ब्लीचने जातात, मग 'रानटी कृमी निरोगी असतात' असे निष्कर्ष निघतात. आधी मूळ वंश ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर गोठवा, तोही प्रौढांचा नव्हे, उपाशी ठेवलेल्या कोवळ्या अळ्यांचा. प्रौढ त्यातून क्वचितच वाचतात.