माझ्या झाडाचा माड झाला तेव्हा

शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट घेतला तो असा: लिनक्सवर कुठल्या प्रोग्रॅमने कुठली फाइल कधी उघडली, याची नोंद ठेवायची. रत्नागिरीतली होस्टेलची खोली, जुलैचा पाऊस, आणि जेवायला बसलं की हमखास जाणारी लाइट. फाइल उघडल्याची खबर फॅनोटिफाय (लिनक्समधलीच एक सोय) देतं. सोबत फाइल डिस्क्रिप्टरही (उघड्या फाइलीचा प्रोग्रॅमकडचा नंबर) देतं, त्यावर एफस्टॅट (फाइलीची माहिती विचारणारी हाक) केलं की आयनोड नंबर, म्हणजे फाइलसिस्टिमने फाइलीला दिलेला ओळख-नंबर मिळतो. (काम झालं की तो डिस्क्रिप्टर बंद करा. मी विसरलो होतो. एका वेळी १०२४ उघड्या फाइलींची मर्यादा भरली आणि प्रोग्रॅम गप्प झाला.)

नोंदी ठेवायला बायनरी सर्च ट्री (लहान नंबर डावीकडे, मोठा उजवीकडे ठेवणारं झाड) घेतलं. कारण एवढंच, की परीक्षेसाठी तेच पाठ होतं. नोंद शोधायची खूण, म्हणजे 'की' (key), होती आयनोड नंबर. चाचणीसाठी स्क्रिप्टने एका डिरेक्टरीत २०,००० फाइली बनवल्या आणि त्याच क्रमाने उघडत गेलो. सुरुवातीला मजेत चाललं, मग लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागला. झाडाची उंची छापून बघितली तर जवळजवळ २०,०००!

झालं असं, की एकापाठोपाठ बनवलेल्या फाइलींना आयनोड नंबर बहुतेक चढतेच मिळतात. ५०१, ५०२, ५०३... प्रत्येक नवा नोड (झाडातली नोंद) आधीच्याच्या उजवीकडे. मालवणच्या रूममेटने माझं कागदावरचं चित्र बघितलं आणि म्हणाला, "ह्यां झाड खंयचां? ह्यो तर माड!" खरंच, फांदी एक नाही, नुसता बुंधा.

मग रेड-ब्लॅक ट्री, म्हणजे स्वतःच तोल राखणारं झाड. त्यात २०,००० नोंदींना उंची २८ च्या वर जात नाही. एव्हीएल हे तसंच दुसरं झाड याहून बुटकं राहतं, पण नोंदी सतत घालायच्या-काढायच्या असतील तर त्याची तोल सावरायची धावपळ जास्त. डिलीट स्वतः लिहायच्या फंदात पडू नका, माझे चार दिवस त्यातच गेले. लिनक्सच्या कर्नलमध्ये (गाभ्यात) ते तयार आहे. ईपोल (अनेक फाइलींवर एकदम लक्ष ठेवणारी कर्नलची सोय) त्याच्याकडच्या फाइली रेड-ब्लॅक ट्रीमध्येच ठेवतं.

मध्ये स्प्ले ट्रीचाही मोह झाला. स्लीटर आणि टार्जन यांनी १९८५ साली मांडलेलं हे झाड नुकतीच वापरलेली नोंद मुळाशी आणून ठेवतं, आणि आपण त्याच त्याच फाइली तर उघडत असतो. पण त्यात नुसतं शोधलं तरी झाड हलतं. दोन थ्रेड (एकाच प्रोग्रॅमची एकदम चालणारी कामं) एकदम वाचायला लागले की रीड लॉक (फक्त वाचणाऱ्यांना एकत्र आत सोडणारं कुलूप) पुरत नाही. माझा प्रोग्रॅम कधी पडायचा, कधी नाही. असला बग देव करो आणि कोणाच्या वाट्याला न येवो.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी एकच विचारलं, "तुम्हाला क्रम लागतो कुठे?" मी गप्प. आयनोड द्यायचा, नोंद काढायची, एवढंच तर काम होतं. त्याला हॅश टेबल (कीवरून थेट जागा काढणारी, क्रम न ठेवणारी रचना) पुरलं असतं. कर्नलसुद्धा आयनोड कॅशसाठी (मेमरीत ठेवलेल्या आयनोडसाठी) हॅश टेबलच वापरतं, आणि प्रोसेसच्या उघड्या फाइलींचं टेबल तर साधा ॲरे (नंबरवार रांग) आहे.

'काल दोन ते चारमध्ये काय उघडलं' असं विचारायचं असेल तर वेळेच्या क्रमाने लावलेलं, तोल राखणारं झाड हवं. वेळ कायम चढतीच, म्हणजे साधं झाड घेतलंत तर माड ठरलेलाच. 'या डिरेक्टरीखालचं सगळं' हवं तर पाथच्या एकेका भागाचा 'ट्राय' (trie, एकेका भागाला एक फांदी असलेलं झाड) बनवा. डिरेक्टरीचं नाव बदललं तरी एकच फांदी हलवावी लागते. फाइलीच्या अमुक ते अमुक बाइटवरचे लॉक सांभाळायचे तर इंटरव्हल ट्री (असे 'पासून-पर्यंत' पट्टे ठेवणारं झाड). नोंदी डिस्कवर जाणार असतील तर बी-प्लस ट्री (एका नोडमध्ये अनेक की ठेवणारं झाड), कारण तिथे वाचन ब्लॉक-ब्लॉकने होतं.

आणि झाड कुठलंही घ्या, त्याची 'की' नीट निवडा. रूममेटने त्याची हार्डडिस्क जोडली आणि त्याच्या भजनाच्या फाइलीखाली माझ्या रिपोर्टच्या नोंदी दिसायला लागल्या. आयनोड नंबर एका फाइलसिस्टिमपुरताच वेगळा असतो. तेव्हापासून माझ्या कीमध्ये डिव्हाइस नंबर (फाइल कुठल्या डिस्कवरची ते सांगणारा) आधी, आयनोड नंतर.