आपल्याला कामाकडे काय ओढते? वहीतून शोधण्याची एक पद्धत

'मला काय आवडते?' असे स्वतःला थेट विचारले, तर बहुधा घरच्यांचेच उत्तर आपल्या तोंडून बाहेर पडते. म्हणून आधी घडलेले प्रसंग तपासावेत. मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५० च्या दशकात पिट्सबर्ग परिसरातील सुमारे २०० अभियंत्यांना व लेखापालांना कामात विशेष समाधान कधी वाटले आणि काम नकोसे कधी झाले, हेच विचारले होते. समाधानाच्या आठवणींत तडीस गेलेले काम, मिळालेली दाद आणि जबाबदारी होती. वैतागाच्या आठवणींत मुख्यतः कंपनीची धोरणे आणि वरिष्ठांची वागणूक होती. त्रास थांबला म्हणजे ओढ निर्माण झाली असे नव्हे. नोकरी बदलूनही पूर्वीचीच मरगळ परत येते, ती अनेकदा यामुळेच.

वहीत गेल्या पाच वर्षांतले असे दहा प्रसंग लिहावेत, की जेथे कोणी न सांगता आपण राबलो. लिहिताना क्रियापद नेमके हवे. 'गणेशोत्सव मंडळात काम केले' यातून काहीच कळत नाही. 'वर्गणीचा हिशेब रात्री जागून जुळवला' आणि 'रुसलेल्या दोन गटांना एकत्र बसवले' ही मात्र दोन निराळ्या स्वभावांची कामे आहेत. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी मांडलेल्या कर्तृत्व, जिव्हाळा आणि प्रभाव या तीन प्रेरणांपैकी कोणती प्रत्येक प्रसंगात दिसते, ते समासात नोंदवावे. ही नोंद म्हणजे जन्मपत्रिका नव्हे: मॅक्लेलंड यांनीच १९६० च्या दशकात आंध्र प्रदेशातील काकीनाड्याच्या छोट्या उद्योजकांना कर्तृत्वप्रेरणेचे प्रशिक्षण दिले होते आणि त्यानंतर त्यांची उद्योगातली हालचाल वाढलेली दिसली होती.

पगाराची गरजही वहीत निःसंकोच लिहावी, कारण घराचा हप्ता प्रेरणेवर फिटत नाही. फक्त तिचे पान वेगळे ठेवावे.

यानंतर पद आणि काम यांची फारकत करावी. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या अनेकांच्या डोळ्यांपुढे तहसीलदाराची खुर्ची असते (सरकारी गाड्यांवरचा लाल दिवा तर २०१७ मध्येच उतरला), परंतु सुनावण्या, पंचनामे आणि दाखले यांनी भरलेला त्याचा दिवस नसतो. त्या दिवसातली क्रियापदे आपल्या वहीशी ताडून पाहावीत. मेळ बसत असेल, तर पुढचा अर्ज भरण्यापूर्वी त्या पदावरील ओळखीच्या व्यक्तीला भेटून तिचा कालचा दिवस तासागणिक विचारून घ्यावा.