कुत्रीची खोटी गर्भधारणा: या चुका टाळा

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, गडबडीत घरची कुत्री हीटवर (माजावर) येऊन जाते. पाहुणे, माटोळी (गणपतीवर बांधायची फळाफुलांची सजावट), करंज्या यांच्या धांदलीत तारीख कोण लिहून ठेवणार? दिवाळीची साफसफाई निघते तेव्हा ती खाटेखाली जुन्या साड्या ओढून गादी करायला लागते, परसात माडाच्या मुळाशी खड्डा खणते, मुलांचं कापडी अस्वल तोंडात धरून कण्हत फिरते. घरचे म्हणतात, दिवाळीत नरकासुराचा पुतळा जाळताना उडवलेल्या फटाक्यांना घाबरली. दोन दिवसांनी आचळं सुजलेली दिसतात, त्यातून दूध येतं, आणि मग कोणीतरी दिष्ट (दृष्ट) काढायला मीठ-मिरच्या घेऊन उभं राहतं.

चवथ ते दिवाळी हे अंतर साधारण 8 आठवड्यांचं. खोटी गर्भधारणा, म्हणजे गाभण नसतानाही व्यालेल्या कुत्रीसारखी लक्षणं, हीटनंतर बहुधा 6 ते 8 आठवड्यांनीच दिसते. हीटमध्ये बीजं सुटली की नर भेटो वा न भेटो, पुढचे सुमारे 2 महिने कुत्रीच्या रक्तात प्रोजेस्टेरॉन (गर्भ टिकवणारं हार्मोन) चढलेलं राहतं. ते उतरलं की प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन) वाढतं आणि त्याच्यामागून पान्हा येतो, घरटं येतं, आईपण येतं. लांडग्यांच्या कळपात न व्यालेल्या माद्याही पिल्लं सांभाळत, त्याचा हा वारसा असावा असं मानतात. थोडक्यात, हा आजार नाही. बहुतेकींचं सगळं 2-3 आठवड्यांत आपोआप ओसरतं. लांबतं ते बरेचदा आपल्याच हातांमुळे.

'ती बाहेर गेलीच नाही' यावर विसंबणं

गोव्यातल्या किती घरांना कुत्र्याने ओलांडू नये अशी वई (कुंपण) आहे? पेडण्यापासून काणकोणपर्यंत गेट दिवसभर उघडं, आणि हीटच्या दिवसांत वाड्यावरचे सगळे कुत्रे अंगणात. मीलन रात्री दोन वाजता उरकतं, सकाळी कुणाला पत्ता नसतो. त्यामुळे 'खोटी' म्हणण्याआधी ती खरी नाही ना, हे तपासून घ्या. मीलनानंतर साधारण 4 आठवड्यांनी सोनोग्राफीत पिल्लं दिसतात, 45 दिवसांनंतर एक्स-रेत त्यांचे सांगाडेही दिसतात. खरी गर्भधारणा सुमारे 63 दिवसांची असते. म्हणजे दूध दिसण्याच्या सुमारास दोन्ही तपासण्या उत्तर देऊ शकतात. हे आधी करायचं कारण असं, की दूध आटवायचं औषध खऱ्या गाभण कुत्रीला दिलं तर गर्भ पडू शकतो.

दूध पिळून काढणं, चोळणं, शेकणं

सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक हीच, आणि ती मायेपोटी होते. 'बिचारीला ठणकत असेल, थोडं काढून टाकूया' असं वाटतं. पण आचळ रिकामं झालं की शरीराला निरोप जातो की पिल्लं पितायत, आणखी दूध कर. चोळल्याने तेच होतं, गरम कपड्याने शेकल्यानेही तेच. दूध निघतंय का हे पाहायला रोज दाबून बघणारे तर घरोघरी आहेत. एकदा दिसलं, पुरे झालं.

खोबरेल तेलात कापूर घालून लावण्याचा सल्ला आमच्याकडे हमखास मिळतो. कापूर कुत्र्यांना विषारी आहे आणि ती ते चाटणारच. घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनची गोळीही देऊ नका.

कुत्री स्वतःच चाटत असेल तर तेही थांबवायला हवं. गळ्यात कोन (चाटता येऊ नये म्हणून घालायची प्लास्टिकची कॉलर) घाला किंवा जुना टी-शर्ट चढवा. टी-शर्ट इथल्या दमट हवेत दोन तासांत ओला होतो आणि ओल्या कपड्याखाली कातडी लाल होते, म्हणून मला कोन बरा वाटतो. शर्टच घालायचा तर दिवसातून दोनतीनदा बदला. एखादं आचळ गरम, कडक, लाल-जांभळं झालं, हात लावल्यावर ती ओरडली किंवा दुधाचा रंग बदलला, तर तो स्तनदाह. त्यावर घरी उपाय नाही.

बाळंतिणीसारखं खायला घालणं

ती जेवत नाही म्हणून पेज, दूध, अंडी, वर बांगड्याचं कालवण. भूक मंदावणं हा या अवस्थेचाच भाग आहे. चांगलंचुंगलं वाढवलं की दुधाला बळ मिळतं. रोजचंच अन्न द्या, अंगाने भरलेली असेल तर काही दिवस थोडं कमी द्या. पूर्वी दूध आटावं म्हणून पाणीही तोडायला सांगत. ते करू नका, एप्रिल-मेच्या उकाड्यात तर मुळीच नको. पूर्ण दोन दिवस तोंडाला काहीच लावलं नाही तर मात्र डॉक्टरला दाखवा.

खेळणं हिसकावणं, किंवा पिल्लू आणून देणं

ते अस्वल तिच्या लेखी पिल्लू आहे. लहान मुलाने ते ओढलं तर एरवी गरीब असलेली कुत्रीही चावू शकते. ती फिरायला गेली असताना खेळणी आणि गादी उचलून ठेवा आणि तिला थोडं जास्त चालवा. गादी मोडल्यावर फारच सैरभैर झाली तर एक वस्तू राहू द्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. मुलांना मात्र तिच्या कोपऱ्यात जाऊ देऊ नका.

उलट टोकाची चूकही होते. रस्त्याकडेला सोडलेलं पिल्लू दिसतं आणि कुणाला कल्पना सुचते की हिला दूध आहे, त्याला आई नाही. ऐकायला गोड आहे. पण त्या पिल्लासोबत पार्व्हो किंवा डिस्टेंपर असा जीवघेणा संसर्गजन्य रोग घरात येऊ शकतो, ती त्याला स्वीकारेलच असं नाही, आणि स्वीकारलं तर दूध आटायचं सोडून वाहत राहणार.

औषध स्वतःच्या मनाने देणं

दूध फार असेल, वागणं आक्रमक झालं असेल किंवा महिना उलटला तरी ओसरत नसेल, तर पशुवैद्य कॅबरगोलीन हे दूध आटवायचं औषध देतात. त्याचा नेहमीचा डोस दर किलो वजनाला दिवसाला 5 मायक्रोग्रॅम. माणसांची गोळी बरेचदा मिळते ती अर्ध्या मिलिग्रॅमची, म्हणजे 500 मायक्रोग्रॅम. 10 किलोच्या कुत्रीला 50 पुरतात, अख्खी गोळी म्हणजे दहापट. फार्मसीत जाऊन नाव सांगून आणायची ही वस्तू नव्हे.

एक गोष्ट कमी लोकांना माहीत असते. कुत्रीला उलटी झाली म्हणून घरात पडलेलं मेटोक्लोप्रामाइड किंवा डॉम्पेरिडोन दिलं, तर ते प्रोलॅक्टिन वाढवतं आणि दूध आणखी येतं. हीट पुढे ढकलायची हार्मोनची इंजेक्शनंही या दुखण्यावर नकोत, त्यांनी गर्भाशयात पू होण्याचा धोका वाढतो.

सगळंच 'खोटी' म्हणून सोडून देणं

गर्भाशयात पू होण्याचा आजार, म्हणजे पायोमेट्रा, हाही हीटनंतरच्या याच आठवड्यांत येतो. कुत्री सुस्त, पाणी घटाघटा पिते, सारखी मुतते, उलट्या, ताप, पोट फुगलेलं, मागून घाण वासाचा स्राव. स्राव नसेल तर आजार नाही असं समजू नका. गर्भाशयाचं तोंड बंद असलं की पू आतच साचतो आणि ते अधिक घातक. यात सकाळपर्यंत थांबायचं नसतं. पणजीजवळ टोंक-करंजाळ्याला आणि मडगावजवळ सोनसड्याला सरकारी पशुवैद्यकीय इस्पितळं आहेत. रात्री किंवा रविवारी कुठला डॉक्टर मिळतो हे मात्र आधीच फोन करून विचारून ठेवा.

नसबंदीची घाई, किंवा 'एकदा पिल्लं होऊ द्या'

एक वेत झालं की हा त्रास जातो, हे खरं नाही. पुढच्या हीटनंतर तो पुन्हा येऊ शकतो. कायमचा उपाय नसबंदी, पण दूध असताना ती केली तर प्रोजेस्टेरॉन एकदम खाली येऊन लक्षणं महिनोन्‌महिने रेंगाळू शकतात. नसबंदीच्या शिबिरात जागा मिळाली म्हणून कुत्री उचलून नेऊ नका. हीटनंतर 3-4 महिने जाऊ द्या, आचळं पूर्ण आटलेली हवीत. डॉक्टर पहिल्यांदा हीटची तारीख विचारतील, ती फोनच्या कॅलेंडरमध्ये घालून ठेवा. सांगताना रक्त दिसलेला पहिला दिवस सांगायचा.