अँब्रोशिया बीटल ओळखताना रंगावर जाऊ नका, पाठीचा उतार बघा

झायलोसँड्रस क्रॅसियुस्क्युलस हा अँब्रोशिया बीटलपैकी, म्हणजे लाकूड पोखरून आत बुरशी वाढवणाऱ्या बारीक भुंगेऱ्यांपैकी एक. तो ओळखताना सगळ्यात जास्त गल्लत रंगामुळे होते. हा तांबूस-तपकिरी असतो असं वाचलेलं असतं, मग ट्रॅपमधल्या प्रत्येक तांबूस भुंगेऱ्यावर तेच लेबल चिकटतं. पण कोषातून नुकतेच बाहेर आलेले इतर अँब्रोशिया बीटलपण आधी फिकट तांबूसच असतात, गडद नंतर होतात.

आधी मादी आहे ना ते बघा. नर बुटका, त्याला उडता येत नाही, तो लाकडातल्या बोगद्यातच राहतो, म्हणून ट्रॅपमध्ये बहुतेक माद्याच येतात आणि ओळखायच्या ‘की’ (खुणांचे टप्प्याटप्प्याचे तक्ते) पण माद्यांवरच बेतलेल्या असतात. मग लांबी मोजा, २.१ ते २.९ मिमी हवी. दोन मिमीच्या आत, काळा आणि चकचकीत असेल तर तो झायलोसँड्रस कॉम्पॅक्टस असू शकतो.

आता उलटा करून पुढच्या पायांची मुळं बघा. दोन्हींमध्ये स्पष्ट अंतर असेल तर झायलोसँड्रस गटातला असू शकतो, एकमेकांना चिकटलेली असतील तर झायलेबोरस वगैरे दुसरा गट.

आणि मग मुख्य गोष्ट, पंखकवचाचा, म्हणजे पाठीवरच्या कडक पंखांचा मागचा उतार. पुढचा भाग चमकतो आणि उतार सुरू झाला की चमक एकदम जाते, तिथे बारीक दाणे इतके दाट असतात की पृष्ठभाग सँडपेपरसारखा मंद दिसतो. मायक्रोस्कोपचा लाइट थेट मारला तर हे अजिबात कळत नाही, सगळंच चमकतं, म्हणून दिव्यापुढे ट्रेसिंग पेपर धरा आणि नमुना हळूहळू फिरवा. कीटकतज्ज्ञ मोट्शुल्स्कीने १८६६ मध्ये ही जात वर्णन केली, पुढे १८७८ मध्ये आयकहॉफने तिलाच सेमिओपॅकस म्हणजे अर्धा निस्तेज असं नाव दिलं. ते नाव आता चालत नाही, पण खूण लक्षात ठेवायला मला तेच सगळ्यात कामाचं वाटतं.

खोडातून टूथपिकसारख्या भुशाच्या काड्या बाहेर आल्या म्हणून हाच, असं म्हणू नका, त्याचे भाऊबंदपण तशाच काड्या काढतात. काडीचा फोटो घ्या पण भुंगेरा काढल्याशिवाय नाव लिहू नका.

तरी शंका राहिली तर डीएनए बारकोडिंग (डीएनएच्या ठरावीक तुकड्यावरून जात ओळखणं) करा, त्यासाठी नमुना पहिल्यापासून ९५ टक्के इथेनॉलमध्ये ठेवा आणि झाड, तारीख, ठिकाण पेन्सिलने लिहून चिठ्ठी बाटलीच्या आतच टाका, पेनाची शाई इथेनॉलमध्ये विरघळते.